तीन अंगांचा नमस्कार

काष्टी, सोमवार

तीर्थरूप शामकांत दाजी यांच्या चरणी,

राधाकृष्णचा साष्टांग नमस्कार, असे लिहायला घेतले आणि पेन थांबले. आठ अंगांपैकी मन, वाचा आणि दृष्टी एवढी तीनच सध्या वाकतात, ती पाठवत आहे. छाती, डोके, हात, पाय आणि गुडघे दुरुस्त झाले की मागाहून पाठवीन. तुमच्या घरी दिलेली आमची आक्का खुशाल असेल. फोनवर तुम्ही मला बोलू देत नाही, म्हणून हे पत्र.

एकादशीच्या सकाळी मी काय केले ते सांगतो. सप्ताह तोंडावर आला होता. पारायणाला पुढच्या रांगेत वडील बसायचे त्याच आसनावर मी बसतो, रोज तीन तास, मांडी घालून. यंदा मांडी घातली की गुडघे कानाशी येऊ लागले. वडिलांचे आसन सुटू नये एवढीच माझी इच्छा, आणि ती तुमच्यापाशी बोललो ही माझी चूक. तुम्ही लगेच व्हिडिओ करून पाठवलात: वाकायचे, ताण बसेल तिथेच तीस आकडे थांबायचे, हिसका द्यायचा नाही. तुमचे चिरंजीव करण (सुप्याला कंपनीत असतात, जिमला जातात, दंड पाहण्यासारखे) म्हणाले, "मामा, आमच्या दादांचं जुनं झालं. पाय हलता पायजे, झोक्यावानी." नगरला फिजिओथेरपी शिकणाऱ्या आमच्या निकिताची तिसरीच पद्धत. दुसऱ्याने आपला पाय वर रेटायचा, आपण सहा आकडे उलटा जोर लावायचा, मग सैल सोडायचे. पाय आणखी वर जातो.

मी गावच्या शाळेत शिकलेला माणूस. तीन उत्तरे आली तर तिन्ही पडताळावीत, असे गुरुजींनी शिकवलेले. सकाळच्या गारठ्यात, अंग गार असताना, अर्ध्या तासात तिन्ही पडताळली. तुमच्या पद्धतीत अठरापर्यंत पोचलो (प्रत्येक आकड्याला देव आठवला, म्हणजे नामस्मरण झाले). करणच्या पद्धतीत पाय छान सैल सुटला आणि दुधाच्या किटलीला लागला. निकिताच्या पद्धतीला पुष्पावती मिळाली. पंचवीस वर्षांच्या संसारात नवऱ्याला रेटायची तिला ही पहिलीच अधिकृत संधी. मी "सोड" म्हणत होतो, ते तिला "लाव जोर" असे ऐकू येत होते.

तसाच मारुतीच्या देवळात गेलो, साष्टांग दंडवत घातला, आणि उसण भरली. उठता येईना. कण्हणे बरे दिसेना, म्हणून पुटपुटत राहिलो. भागवत गुरव ओरडला, "हात लावू नका कुनी! भाव लागलाय त्यास्नी!" त्याने माझ्या डोक्याशी उदबत्ती लावली. बनुबाई म्हणाली, "किती ही भक्ती! न्हाईतर आमचं म्हातारं, घंटा वाजवून पळतंय." दोघातिघांनी माझ्याच पायांवर डोके ठेवले (देव समोर मोकळाच होता). शेवटी पुष्पावती आली, कानाशी वाकून म्हणाली, "उसन भरली न्हवं?" आणि सगळ्यांना "परसाद घ्या तिकडं" असे सांगून मला उचलले.

निकिता फोनवर म्हणाली, "बाबा, हलता ताण कामाआधी, थांबून धरायचा तो अंग गरम झाल्यावर, आणि रेटायचा तो जाणत्या माणसानं. त्यालाही काही आठवडे लागतात. तुम्ही तिन्ही एकदम गिळलीत." इकडे गावाने ठरवले की भाव लागणाऱ्या माणसाने यंदा रांगेत अगदी मधोमध बसावे. मारुतीकडे बघायची मला लाज वाटू लागली. गुडघे खोटे पडले ते वयामुळे. ही भक्ती मात्र माझ्या नावावर खोटीच चढत होती.

काल सप्ताह बसला. मी सगळ्यांपुढे उभा राहिलो आणि म्हणालो, "त्या दिवशी भाव नव्हता, उसण होती." मग भागवत म्हणाला, "मंग माझी उदबत्ती?" मी म्हणालो, "कमरेला लावली असतीस तर उपयोग झाला असता." वडिलांचे आसन उचलले आणि पुष्पावतीला दिले. पुरुषांच्या रांगेत बाई म्हणून कुजबुज झाली, तेव्हा बनुबाईच बोलली, "बसू द्या की. आसनाला काय मिशी हाय?" पुष्पावती तीन तास हलली नाही. मी मागे खुर्चीवर बसून वाचले, आणि किती वर्षांनी गुडघ्यांऐवजी ओवीकडे लक्ष लागले.

आपला,
राधाकृष्ण

ता. क. पुष्पावती मला रेटण्याआधी तिन्ही पद्धती (तिसरीला रेटायला दाराची चौकट) रोज स्वयंपाकघरात स्वतः करून बघत होती, हे आज कळले. तिचे तळवे जमिनीला टेकतात.

ता. क. दुसरा. मांडववाल्याची प्लास्टिकची खुर्ची करणच्या मताची आहे, चारही पाय हलतात. तुमचा व्हिडिओ पुन्हा नीट पाहिला. तुम्ही सागवानी खुर्चीत बसून मला वाकायला सांगत आहात. हे पत्र करण घेऊन येतोय, त्याच्या गाडीवर ती खुर्ची बांधून द्यावी. सप्ताह उठेपर्यंत आपण खाली बसावे. पद्धत आपल्याला ठाऊक आहेच.