तुमच्या मशीनवर उघडलेली झिप

सर, तुम्ही गेलात तेव्हा मी पणजीत नोकरीला होते आणि मालवणला यायला गाडी होती. मी आले नाही. इतक्या वर्षांनंतरही त्याचं मला वाईट वाटत नाही. हे आधीच सांगते, म्हणजे पुढे गैरसमज नको.

भरती-ओहोटीच्या प्रोग्रामचं गणित तुम्ही लिहिलंत, बाकीचा पडद्यावरचा भाग मी. मच्छीमार सोसायटीला, आणि मागेल त्या कुणालाही, तो कोडसकट फुकट द्यायचा असं ठरलं होतं. सोसायटीत कॉम्प्युटर सांभाळायचं काम त्यानंतर मला मिळणार होतं. आईला मी तसं सांगूनही ठेवलं होतं. प्रत्येक बंदराच्या फाइलचं नाव तुम्ही देवनागरीत ठेवलंत. मी म्हटलं, सर, आपल्या लिनक्सवर सगळ्या फाइली एकत्र बांधून केलेल्या झिपमध्ये नावं कुठल्या लिपीत आहेत याची नोंद राहत नाही. सोसायटीच्या मशीनवरचं विंडोज ती आपल्या पद्धतीने वाचेल, नावं बिघडतील आणि प्रोग्रामला स्वतःच्याच फाइली सापडणार नाहीत. नावं रोमन ठेवू, नाहीतर एक दिवस द्या, मी सोसायटीच्या मशीनवर उघडून बघते. तुमच्या क्लासची खोली मुलांनी भरलेली आहे. तुम्ही खुर्ची वळवता आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारता, "आपल्या भाषेची लाज वाटता गो तुका?" मुलं हसतात. मी पुन्हा झिपचं सांगू लागते, तर म्हणता, "माझ्या मशीनीर उघडता मा? मगे झाला. उद्या नारळी पुनव. नारळ सोडल्यार होडी काय तुझ्यासाठी थांबतली?" बोटी ज्या दिवशी बाहेर पडतात त्याच दिवशी प्रोग्रामही बाहेर पडला पाहिजे, हे तुमचं शास्त्र. नारळ सोडण्याआधी होडी पाण्यात घालून गळते का ते बघतात, एवढं मात्र तुम्ही सोयीने विसरलात.

दुसऱ्या दिवशी बंदरावरचा नारळ झाल्यावर सगळे सोसायटीत जमले. सचिवांनी झिप उघडली. पडद्यावर चौकोन आणि प्रश्नचिन्हं. प्रोग्राम सुरूच होईना. "सर, भरती खंय आसा हेच्यात?" सचिव म्हणाले, "माका वाटला, तुम्ही चौकोनी भरती शोधून काढलात." लोक खदखदून हसले. तुम्हीही हसलात, आणि माझ्याकडे बोट करून म्हणालात, "पॅकिंग हिणां केल्यान. पोरगी आसा, शिकतली." पॅकिंग, म्हणजे ती झिप बांधणं, तुम्ही केलं होतं, सर. मी शेजारी उभी होते. तिथे माझ्या शब्दाला तुमच्यासमोर वजन नव्हतं, आणि ते तुम्हाला माहीत होतं. काम दुसऱ्याला मिळालं. आईने कारण विचारलं नाही, तिने ते बाजारात ऐकलं होतं.

आता मी तेच करते, सॉफ्टवेअर बांधून लोकांपर्यंत पोचवते. जुन्या मशीनवर उघडेल असं टार नावाचं फाइलींचं गाठोडं, विंडोजसाठी वेगळी झिप, आणि दोन्ही परक्या मशीनवर उघडून बघितल्याशिवाय काहीही बाहेर जात नाही. माझ्या हाताखालच्यांना मी कडक वाटते. वाटू दे.

गेल्या महिन्यात सोसायटीच्या नव्या सचिवांनी फोन करून विचारलं, तो जुना प्रोग्राम चालता करून द्याल का. मी दिला. सोबतच्या लेखकांच्या यादीत पॅकिंगपुढे माझं नाव लिहिलं, या वेळी ते खरं होतं. गणिताला हात लावावा लागला नाही. ते अचूक निघालं, याचाही मला रागच आला.

हे पत्र तुमच्या घरी पाठवलं तर काकी वाचतील, आणि त्यांनी मला कधी उपाशी परत पाठवलेलं नाही. म्हणून पाठवत नाही. त्या यादीत तुमचं नाव पहिलं आहे. कोडसकट फुकट वाटायच्या मुक्त परवान्याच्या अटीप्रमाणे ते काढता येत नाही, असं मी सचिवांना सांगितलं. त्यांनी काढायला सांगितलं नव्हतं.