पुलाच्या अलीकडे गुण सांगायचे नसतात

प्रिय ओडिल,

रविवारी मिस्सा संपल्यावर चर्चच्या पायऱ्यांवर तुझ्या त्या डार्लाने मला गाठलं. म्हणाली, ‘युलाली, तू शनिवारी येत नाहीस ना? ओडिलने तुझी जागा मला दिलीय. वाईट नको वाटून घेऊस हं, मी तुला फोटो पाठवीन.’ फोटो! फुटबॉलच्या मोसमाचा पहिला सामना, तोही परक्या मैदानावर. आपल्या कॉलेजचा संघ, आपले बगळे, मिसिसिपीत जाऊन तिथल्या कोल्ह्यांच्या संघाशी भिडणार, आणि तुझ्या गाडीच्या पुढच्या सीटवर, माझ्या सीटवर, परवा-परवा ओहायोहून आलेली बाई पाय पसरून बसणार. मी हातातली जपमाळ आधी पर्समध्ये टाकली. ती हातात असताना असले विचार मनात आणू नयेत.

तू म्हणशील, तुझ्या गुडघ्यासाठीच तर विचारलं नाही. पाहुण्या संघाच्या लोकांच्या जागा अगदी वर, जिने उभे, वर ते ऊन. बिचारीला कशाला त्रास! ओडिल, मला आजवर ‘बिचारी’ म्हणायची हिंमत फक्त एका दंतवैद्याने केली होती. गुडघा नवा बसवलाय, जीभ जुनीच आहे. आणि हे मला तू सांगायचं होतंस, तिने नव्हे. आठवतं, हा खेळ आपण कुठे शिकलो? शाळेत, शनिवारच्या शिक्षेच्या वर्गात. सिस्टर फेलिसिटी झग्याच्या बाहीत ट्रान्झिस्टर लपवून सामना ऐकायची आणि बगळ्यांनी चेंडू गमावला की आपल्याला आणखी एक पान शुद्धलेखन द्यायची. त्या शिक्षेसाठी आपण मुद्दाम वर्गात गप्पा मारायचो. डार्ला तेव्हा कुठे होती? बर्फात घसरगुंडी खेळत असेल.

तिचं ज्ञान तर ऐकच. बुधवारी व्हर्नाच्या पार्लरमध्ये डोक्याला कागद गुंडाळून बसली होती आणि सगळ्यांना सांगत होती, ‘आपली डावी फळी भक्कम आहे गं, आपल्या क्वार्टरबॅकला कोणी हात लावू शकणार नाही.’ अगं बाई, चेंडू फेकणारा यंदाचा पोरगा डावखुरा आहे! डावखुरा चेंडू फेकायला वळला की त्याची पाठ उजवीकडे होते. उजवीकडून येणारा त्याला दिसतच नाही. कोल्ह्यांचा तो अजस्र धिप्पाड गडी तिकडूनच येणार. आपला सगळ्यात दणकट गडी अजून डावीकडेच उभा आहे, कारण आपल्या प्रशिक्षकाला सवय मोडवत नाही. पहिल्या पंधरा मिनिटांत त्याला उजवीकडे हलवला तर सामना होईल. नाही हलवला तर पोरगा दिवसभर आडवा पडलेला दिसेल. पाठीमागून कोण येतंय ते दिसत नाही, तेव्हा कसं वाटतं, ते मला विचार.

आणि पुढे तिने काय केलं माहीत आहे? कोण किती गुणांनी जिंकणार, ते सांगून टाकलं! तिथेच, ड्रायरखाली बसून, नदी ओलांडायच्या कितीतरी आधी! व्हर्नाच्या हातातली कात्री थांबली. ‘डार्ला, हनी, असं बोलायचं नसतं,’ ती म्हणाली. तर ही हसते, ‘इश्श, तुम्ही लोक अजून असलं मानता?’ आपला नियमच आहे, निकालाचा अंदाज पूल लागल्यावर सांगायचा, पुढच्या सीटवर बसलेलीने सांगायचा, आणि पलीकडचा काठ येईपर्यंत चालवणारीने मध्ये बोलायचं नाही. हे तिला तू सांगितलं नाहीस? की तो पूलही तिला देऊन टाकलास?

तुझा नॉरिस गेला त्या वर्षी तू सामन्याला जाणार नव्हतीस. मी तुला अक्षरशः स्टिअरिंगमागे कोंबलं. पूल लागला, तुझे डोळे वाहायला लागले, आणि नियम म्हणून मी बोलत राहिले. बगळे पन्नास गुणांनी जिंकतील, कोल्ह्यांचा प्रशिक्षक रडत घरी जाईल, असलं काहीबाही. मध्ये बोलायचं नसतं म्हणून तू गप्प होतीस, आणि रडतेस हे मी पाहिलंच नाही, असं मला दाखवता आलं. त्या दिवशी आपण इतके वाईट हरलो की परतताना त्याच पुलावर तू हसायला लागलीस. नवऱ्याच्या दफनानंतरचं तुझं पहिलं हसू. ती माझी सीट आहे, ओडिल.

तुझ्या गंबोचं, त्या पातेलंभर दाट रश्श्याचंही ऐकलं. डार्ला म्हणे दुकानातून भाजलेल्या पिठाची बाटली आणणार. बाटलीतलं पीठ! सामन्याआधी त्या वाहनतळावर आपले सगळे लोक वाडगे घेऊन तुझ्या पातेल्याशी येतात, ते तांबडा चिखल चाखायला? मी काल खुर्ची ओढून चुलीपाशी बसले आणि तेलात पीठ ढवळत राहिले, जुन्या पेटीच्या लाकडाचा रंग येईपर्यंत. गुडघा ठणकला. ठणकू दे.

आता हे पत्र कशासाठी, ते सांगते. मी तिकीट काढलंय. जिने नसलेली एकच जागा शिल्लक होती, मैदानाला लागून, पण कोल्ह्यांच्या बाजूला. शनिवारी मी निळ्या टोप्यांच्या गर्दीत एकटी आपला हिरवा सदरा घालून बसणार आहे. ते शिव्या देतील. मी सिस्टरने शिकवलेल्या फ्रेंचमध्ये परत करीन, तिचा आशीर्वाद आहेच. वरून दुर्बीण लावलीस तर दिसेन. फक्त एक अडचण आहे. डॉक्टर मला अजून गाडी चालवू देत नाहीत. तेव्हा शनिवारी पहाटे माझ्या दारात ये आणि पुढचं दार उघड. पिठाची बरणी माझ्या मांडीवर असेल; ती दुसऱ्या कुणाच्या हातात मी देणार नाही. डार्लाला मागे बसव, पातेलं धरायला. तिला सांग, पूल लागला की गप्प बसायचं. यंदा किती गुणांनी, ते मला माहीत आहे. पण ते इथे लिहीत नाही.

अजून तरी तुझीच,
युलाली