किन्हीराजाच्या वळणावरचा भोंगा

वाशीम, १२ फेब्रुवारी १९३८

तीर्थरूप मायले रामकिसनचा पायावर डोकं ठेवून नमस्कार.

मी मजेत आहो. मालकाची मोटार आठवड्यातून तीनदा कारंज्याले नेतो. आता पंक्चरही मीच काढतो.

किन्हीराजाच्या वळणावर मी भोंगा वाजवला का तू भाकर घेऊन सडकेवर पळत येते. मालक मांगं बसलेले असतात, मले थांबता येत नाही. मंगळवारी तू पडली, ते मले आरशात दिसलं. काहून पळते माय? पाय कसा आहे? धाकल्या बहिनीले, प्रयागले, तेल चोळून द्याले सांग.

आता भोंगा वाजवनार नाही. तू फक्त तुह्यं हिरवं लुगडं घराच्या सडकेकडच्या कुडावर वाळत टाकत जा. ते दिसलं का समजीन, माय बरी आहे.

ज्या दिवशी दिसनार नाही, त्या दिवशी मालक बसले असले तरी मोटार थांबवीन.

तुह्या भाकरीचा भुकेला,
रामकिसन