ध्यान लागलेली मुलगी

प्रिय कल्याण,

साखरपुडा तोंडावर आलेला असताना नवरीनं पत्र पाठवलं म्हटल्यावर जाफराबादेत काय काय बोललं जाईल, याची मला कल्पना आहे. तेव्हा आधी दार लावून घ्या आणि मग वाचा. आमच्या अण्णांनी बजावलंय, "लग्न होईस्तोवर त्या आजाराचं नाव काढायचं न्हाई. बिलकुल न्हाई." अण्णांचं मी सगळं ऐकते, हे एक सोडून.

लहानपणी मी बोलता बोलता मध्येच थांबायचे. डोळे उघडे, नजर समोर, पण हाक ऐकू यायची नाही. दुसऱ्या कुठल्या गावात मला वेंधळी म्हटलं असतं. आमचं पडलं जांब समर्थ, रामदास स्वामींचं जन्मगाव, त्यामुळे पोरीला ध्यान लागतं असं ठरलं. शेजारच्या चतुराबाई तर सुनेला मुलगा होईल का, हे विचारायला नारळ घेऊन आल्या. मी खोबरं खाल्लं आणि हो म्हणाले. मुलगी झाली, माझं देवपण गेलं, आणि तेव्हा कुठे अण्णांनी मला जालन्याला डॉक्टरांकडे नेलं. ध्यान नव्हतं, फिट होती.

पुढे एम.एस्सी.ला मी मेंदूचाच विषय घेतला. आपल्या डोक्यात काय चाललंय ते आपल्याला ठाऊक असलेलं बरं. विहीर खोदताना मोटर लावून सारखा उपसा करावा लागतो, नाहीतर तळाशी काम होत नाही. मज्जापेशीही आतलं कॅल्शियम तसंच सतत बाहेर फेकत असते. बाहेर ते हजारो पटींनी जास्त. पेशीची बारीक दारं क्षणभर उघडतात, थोडं कॅल्शियम आत येतं, निरोप पुढे जातो, की लगेच उपसा सुरू. माझ्या मेंदूत काही दारं उतावीळ आहेत. ती एका ठेक्यात उघडझाप करू लागली की तेवढा वेळ मी नसते. रोजची गोळी त्यांना आवरून धरते. बदनापूरला कॉलेजात मी शिकवते, एकही तास अर्धवट राहिलेला नाही. डॉक्टरांच्या सल्ल्यानं संसार, मुलंबाळं, सगळं जमतं. मला माझी कीव येत नाही, तुम्हीही करू नका.

आता लिहिण्याचं खरं कारण. तुम्ही मला पाहायला आलात, तेव्हा घरातल्या धांदलीत दोन दिवस माझी गोळी राहिली होती. तुमच्यापुढे चहाचा ट्रे धरला, तुम्ही काहीतरी विचारलं, आणि मी उत्तर न देता बघत राहिले. तुमच्यासोबत आलेल्या मध्यस्थ कारभारीमामांनी मागाहून सांगितलं, घरी जाताना तुम्ही म्हणालात, "तिनं माझ्याकडं जसं बघितलं, तसं कुणीच बघितलं न्हाई. हीच पोरगी." कल्याण, त्या वेळी मी तुम्हाला बघतच नव्हते. त्या बघण्यावर होकार दिला असेल, तर खुशाल परत घ्या, मी रागावणार नाही. मी तुम्हाला पाहिलं ते भानावर आल्यावर. माझ्या हातातला कलंडलेला ट्रे तुम्ही खालून सावरून धरला होता आणि कुणाच्या लक्षात येऊ दिलं नव्हतं. माझा होकार त्यावर आहे, आणि तो मी परत घेणार नाही.

तुमचीच होऊ पाहणारी,
अर्पिता