टेपच्या माझ्या बाजूचं प्रवाळ

३ मार्च
साडूने फॅमिली ग्रुपवर फोटो टाकला. काळा रबरी सूट, पाठीवर टाकी, चेहऱ्यावर जग जिंकल्याचा भाव. खाली ओळ: 'प्रवाळ वाचवायला निघालो!' हिच्या धाकट्या बहिणीचा हा नवरा. धंदा दातांचा. जन्मभर लोकांना 'आ करा' म्हणणारा माणूस समुद्राचं काय वाचवणार? हिने त्यावर ओळीने लाल बदाम टाकले. माझ्या निवृत्तीच्या फोटोवर नुसता अंगठा होता.

डायव्हिंगचं कार्ड माझ्याकडेही आहे. दुसऱ्या प्रयत्नात मिळालं. पहिल्या वेळचा इन्स्ट्रक्टर खुनशी होता.

आजच स्वयंसेवक म्हणून नाव नोंदवलं.

८ मार्च
पहिली मीटिंग. गोदामाच्या वर एक खोली, रबराचा वास, प्लास्टिकच्या खुर्च्या. माझ्या खुर्चीचा एक पाय आखूड. मुद्दाम दिली असावी.

काम असं. समुद्राच्या तळाशी लांब टेप अंथरायची. दोघांनी तिच्या दोन बाजूंनी पोहत जायचं आणि पाण्यात चालणाऱ्या पाटीवर पेन्सिलने लिहायचं. कुठलं प्रवाळ ठणठणीत, कुठलं पांढरं पडतंय, कुठलं मोडलंय. प्रवाळ म्हणजे दगड नव्हे, जिवंत प्राणी, आणि काहींना वीतभर वाढायला माणसाचं अर्धं आयुष्य लागतं, वगैरे. नियम एकच. बघायचं, लिहायचं, कशालाही धक्का लावायचा नाही.

माझी सगळी नोकरी इंटर्नल ऑडिटमध्ये गेली. बघणं, लिहिणं आणि दोष ज्याचा त्याच्या गळ्यात घालणं, एवढंच केलं. समुद्राला असा माणूस आजवर मिळाला नव्हता.

सांगणारी शास्त्रज्ञ माझ्या मुलीच्या वयाची. गळ्यात सतत शिट्टी. नाव ठेवलं शिट्टीबाई. तिनेच जोड्या लावल्या. माझा जोडीदार साडू! मी हरकत घेतली. ती म्हणाली, तो सगळ्यांत शांत डायव्हर आहे, म्हणून मुद्दाम तुम्हाला दिलाय. याचा अर्थ विचारला नाही. चांगला नसणार.

संकल्प: वर्षअखेर टीम लीडर.

१४ मार्च
पहिला डाइव्ह. बोटीत पायांत ते लांब रबरी फिन्स घालून चालायला गेलो आणि आडवा झालो. बोटवाला हसला. बत्तीशी दाखवून. साडूने त्याला काय म्हणावं? तुमचे दात फार छान आहेत हो. दोघांनाही लक्षात ठेवलं आहे.

कार्ड काढताना मी सारखा वर तरंगत होतो, म्हणून या खेपेला कमरेच्या पट्ट्यात शिशाची जादा वजनं घातली. साडू म्हणाला, जड होईल. मी म्हटलं, माणसाला वजन असावं.

खाली माझी कामगिरी उत्तम. साडू मात्र सारखा माझ्याकडे वळून तळहात वर-वर करत होता. माझा वेग झेपत नसावा. बाहेर आल्यावर हळूच म्हणतो, साडूभाऊ, तुमचे पाय खाली घासतायत, जरा वर घ्या. मी म्हटलं, तुम्ही लोकांच्या दाढा बघा. तिकडे पोपटमासे माझ्या डोळ्यांदेखत प्रवाळ कराकरा खात होते, त्यांच्याबद्दल कोणी ब्र काढला नाही.

२१ मार्च
खळबळजनक शोध! टेपच्या माझ्या बाजूला प्रवाळाच्या फांद्या मोडलेल्या. ताज्या. साडूच्या बाजूला एकही नाही. यावरून काय सिद्ध होतं? हा माणूस नीट बघतच नाही.

शिट्टीबाईने विचारलं, मागच्या वेळी होत्या का? मी ठणकावून सांगितलं, नव्हत्या. माझ्या नजरेतून सुटल्या नसत्या. ती साडूकडे बघत राहिली. साडू मास्कची काच पुसत राहिला. काच कोरडी होती.

हिला फोन करून सांगितलं. तिने विचारलं, जेवलात का?

२८ मार्च
आणखी मोडतोड. आम्ही जातो तिथेच नेमकी. म्हणजे गुन्हेगार आमच्याबरोबर येतो. ऑडिटचा पहिला धडा, सुरुवात घरातल्या माणसांपासून करावी. बोटीत असतं कोण? आम्ही सज्जन. आणि बोटवाला. आणि बोटवाल्याचा नांगर!

नांगर लांब, वाळूत टाकतो, असं तो म्हणतो. चोर कधी म्हणतो का, मी कपाटात हात घातला?

साडूला निष्कर्ष सांगितला. त्याने घसा खाकरला. नांगर तर तिथून बराच दूर असतो, साडूभाऊ, मला वाटतं तुमचे फिन्स... पुढचं ऐकलं नाही. दातांवरून दोघांची गट्टी जमलेली आहे.

हिचं म्हणणं, तुम्ही स्वतः बघितलंत का त्याला नांगर टाकताना? लग्न ठरवताना हिला कसलाच पुरावा लागला नव्हता.

परवाने देणाऱ्या ऑफिसात तक्रार टाकली. भाषा अशी झाली आहे की वाचणाऱ्याने खुर्ची सोडून उभं राहावं.

४ एप्रिल
विजय. चौकशी होईपर्यंत बोटवाल्याचा परवाना बंद.

शिट्टीबाई भडकलेली. तक्रार कोणी केली ते ऑफिस सांगत नाही, पण ज्याने केली त्याने एवढं समजून घ्यावं की पुढे समुद्र खवळला की बोटी वर ओढून ठेवतात, वर्षाची कमाई याच महिन्यांत होते, आणि त्याच्या घरी खाणारी पाच तोंडं आहेत. हे सगळं तिने पूर्ण खोलीला उद्देशून सांगितलं. मी पंख्याकडे बघत होतो. पंख्याला तेल हवं आहे.

नवीन बोट भाड्याने. इंजिन आहे की धुराची चूल, कळत नाही. सगळे ओकले. मी सर्वांत शेवटी ओकलो, याची नोंद असावी.

खाली पाणी कोमट लागलं. एक मोठं घुमटासारखं प्रवाळ आहे, खोलीएवढं, आमच्या सगळ्यांच्या आज्या-पणज्यांहून म्हातारं. पहिल्या डाइव्हला खाकी-तपकिरी होतं. आज एका अंगाने पांढरंफटक. पाणी तापलं की असं होतं म्हणे, आणि तापलेलंच राहिलं तर मरतं. शिट्टीबाई त्याच्यासमोर नुसती तरंगत राहिली. लिहिणंही विसरली. साडूने तिच्या खांद्याला हात लावला. माझ्या मास्कमध्ये पाणी शिरलं होतं, त्यामुळे डोळे चुरचुरले.

वर आल्यावर सगळे टाक्या उतरवायला लागले. मी नांगराचा विषय काढला. कोणी साथ दिली नाही.

११ एप्रिल
बोटवाला नाही. त्याचा नांगर नाही. तरी माझ्या बाजूला नव्याने मोडतोड!

एकच अर्थ. सूड. माणूस आमच्या मागे गुपचूप येऊन फांद्या मोडतो. आणि त्याही फक्त माझ्या बाजूच्या. याहून मोठा पुरावा काय हवा?

शिट्टीबाईला म्हटलं, पाळत ठेवली पाहिजे. मला वाटलं वाद घालेल. ती म्हणाली, ठीक आहे, दुपारच्या डाइव्हला मी स्वतः कॅमेरा घेऊन तुमच्या मागून येते. चला, एकाला तरी अक्कल आली.

१२ एप्रिल
खोलीत सगळ्यांना बोलावून कालचं चित्रण दाखवलं. पडदे ओढले. मी पुढच्या रांगेत. गुन्हेगार दिसला की काय बोलायचं, ते घरून ठरवून आलो होतो.

आधी नुसतं निळं. मग धुळीचा लोट. मग एक डायव्हर, मागून. डोकं वर, ढुंगण खाली, दोन्ही पाय तळावरून फरफटत चाललेले. उजवा पाय हलला, फांदी मोडली. डावा हलला, दुसरी मोडली. आणि हा गडी पाटीवर घाईघाईने लिहितोय. प्रत्येक मोडणीमागे एक नोंद!

मी उठून उभा राहिलो. म्हणालो, हा कोण गाढव शेत नांगरायला उतरलाय? याला पाण्यात सोडलं कोणी?

कोणी हसलं नाही. तिथेच समजायला हवं होतं.

पडद्यावरचा गडी वळला. मास्कच्या काचेत मिशी चिकटून बसली होती. माझी मिशी.

शिट्टीबाईने चित्रण थांबवलं नाही, ते चालूच राहिलं. साडूच्या बाजूचं प्रवाळ आलं. सगळं शाबूत.

१३ एप्रिल
काही मुद्दे. पाण्यात वस्तू आहे त्याहून मोठी दिसते, त्यामुळे पायही. कॅमेरा मागून येणार म्हटल्यावर माणूस अवघडतोच. शिवाय तपकिरी प्रवाळ तसंही पांढरं पडून मरायला लागलंय, तर दोन फांद्यांनी... हा मुद्दा हिला बोलून दाखवला. हिने हातातलं भांडं खाली ठेवलं. म्हणाली, पेशंट आजारी आहे म्हणून नातेवाइकांनी त्याचे हातपाय मोडायचे का?

मग विचारलं, आणि त्या बोटवाल्याचं काय? मी म्हटलं, तक्रार मागे घेतली. सकाळीच. ही म्हणाली, कागद मागे घेतलात. त्याच्यासमोर जाऊन उभे राहा.

हिचं आणि शिट्टीबाईचं फोनवर बोलणं झालंय, अशी शंका आहे.

१९ एप्रिल
गेलो.

वाक्य पाठ केलं होतं. 'गैरसमजातून माझ्या हातून तक्रार झाली, त्याबद्दल दिलगीर आहे.' माझ्या मते पुरेसं. वाटेत 'दिलगीर'च्या जागी 'खेद वाटतो' केलं. त्यात जरा कमी वाकावं लागतं.

बोटवाला किनाऱ्यावर उलट्या बोटीला रंग देत होता. मला पाहिलं आणि ब्रश ठेवून उठला. मला वाटलं, मारतो आता. त्याने डबा पालथा घालून मला बसवलं. घरातून पाणी मागवलं. मी तोंड उघडलं, तोवर त्यानेच माझे दोन्ही हात धरले. म्हणाला, दातांच्या डॉक्टरांनी सगळं सांगितलं. तुम्ही ऑफिसात जाऊन भांडलात म्हणून परवाना परत मिळाला. तुमच्यासारखी माणसं आहेत म्हणून चाललंय.

माझ्या हातांना निळा रंग लागला.

मग म्हणाला, तक्रार कोणत्या हरामखोराने केली ते कळलं तर सांगा. मी म्हटलं, सांगेन.

वाक्य तसंच परत आणलं.

२० एप्रिल
साडूला फोन. त्याला फैलावर घ्यायचं ठरवूनच लावला. विचारलं, माझ्या नावाने खोटं बोलायचा अधिकार तुम्हाला कोणी दिला? तो म्हणाला, साडूभाऊ, अजून अख्खा मोसम त्याच्याच बोटीने जायचंय. पाण्यातून वर आल्यावर शिडी त्यालाच लावायची आहे. शिवाय ताईंना, म्हणजे हिला, वाईट वाटलं असतं.

इतक्या वर्षांत या माणसाने एकदाही धड भांडण केलेलं नाही. त्याच्याशी वैर धरायचं म्हणजे सगळं काम एकट्यानेच करायचं.

शिट्टीबाईचा निरोप: पोहण्याच्या तलावात तळाला न टेकता तरंगायला शिका, मग खाली सोडू. तोवर बोटीत बसून बाकीच्यांच्या टाक्या सांभाळा. हे शिकवणार कोण? साडू. मी नाही म्हणून कळवलं. त्याने तलावाची वेळ आधीच ठरवून ठेवली होती.

संकल्प: बोटवाल्याला खरं सांगायचं. स्वतः. सगळ्यांसमोर. माझ्या वतीने दुसऱ्याने थोर झालेलं मला चालणार नाही.

२५ एप्रिल, बोटीत
ठरवल्याप्रमाणे सांगितलं. भर समुद्रात, बोटवाल्याच्या शेजारी उभं राहून, स्पष्ट शब्दांत: ती तक्रार मी केली होती.

इंजिन जोरात होतं. त्याने मान हलवली, हसला. मला हायसं वाटलं. काम झालं. ऐकू आलं नसेल तर तो इंजिनचा दोष, माझा नाही.

तर त्याने इंजिनच बंद केलं. कान पुढे करून म्हणाला, काय म्हणालात?

एवढी शांतता मी समुद्रावर कधी ऐकली नव्हती. साडूचा एक पाय फिनमध्ये, एक बाहेर, तसाच थांबलेला. शिट्टीबाई बघत होती.

मी म्हटलं, हवा छान आहे.

बोटवाला म्हणाला, छान कसली साहेब? पाणी तापलंय. खाली सगळं मरायला टेकलंय.

 एकेक जण पाठीमागे कलून पाण्यात पडला. साडू सगळ्यांत शेवटी. जाताना माझ्याकडे बघून त्याने काहीतरी खूण केली, पण ती कशाची ते मला अजून कळत नाही.

आता बोटीत आम्ही दोघंच. ते तासाभराने वर येतील. बोटवाला समोर बसून, कोपर गुडघ्यांवर टेकवून, माझ्याकडे बघतोय. मघाशी नीट ऐकू आलं नाही, परत सांगा, असं म्हणतोय. मी त्याला हाताने थांबवलंय आणि लिहितोय. लिहिताना माणसाला बोलता येत नाही, हे कोणालाही पटेल. पण पान संपत आलंय आणि हे वहीतलं शेवटचं