नकाशावरचा ओला डाग

प्रिय किग्नाक,

"बर्फ वितळू दे, समुद्र घरात शिरू दे, सील माशांच्या शिकारीचा हा किनारा मी सोडणार नाही!" असं म्हणतच तू डोळे मिटलेस. आता नातीच्या बाळाला तुझं नाव दिलंय, म्हणजे आपल्या रीतीने ते बाळ तूच.

आज गाव टेकडीवर हलवायची सभा होती. टेबलावर नकाशा पसरला होता. तुझी बहीण आयालिक मला चिडवत म्हणाली, "वहिनी, माझ्या भावाला विचार, येतोय का?"

मी तुला उघड्या बुडाने नकाशावर बसवलं आणि तू नेमका टेकडीवर मुतलास!

"जागा पक्की!" आयालिक ओरडली. सगळी सभा हसून लोळली.

जन्मभराचा हट्टी तू, कसा झटक्यात कबूल झालास रे! पण हे पत्र टाकू कुठे? तू तर माझ्याच मांडीवर झोपलायस.

तुझे लंगोट धुणारी,
तुझीच बायको मासाक