तिसरी पुकार

रविवार, २२ जानेवारी १९६७

आज चर्चमध्ये कौसल्याच्या लग्नाची पहिली पुकार झाली. पाळकसाहेबांनी कागद अगदी डोळ्यांशी धरून वाचलं — विश्वनाथ आणि कौसल्या, दोघं याच मंडळीतले, कोणाची हरकत असेल तर कळवावी. अशी तीन रविवारी तीन वेळा वाचली, की लग्न लागायला मोकळं. कागद माझ्या अक्षरातला. पाळकसाहेबांची नजर अधू झाल्यापासून रविवारच्या सूचना मीच लिहून देते.

मी आणि कौसल्या धरमपेठेत एका खोलीत राहतो, एकाच शाळेत शिकवतो. सहा वर्षं झाली. प्रभुभोजनाला, म्हणजे वेदीपाशी भाकरीचा तुकडा आणि द्राक्षारस घ्यायला, आमच्याकडे घराघरानं पुढे जातात — नवरा, बायको, पोरं. आम्ही दोघी मिळून जायचो. आता ती विश्वनाथबरोबर जाईल.

तिनं बाकाखालून माझा हात दाबला. मी हसले. हसू पूर्ण खरं नव्हतं. हे लिहून ठेवते.

रविवार, २९ जानेवारी

दुसरी पुकार. बाहेर पायऱ्यांवर एक बाई म्हणाली, "आता तुमचा नंबर, सुमती." मी सत्तावीस वर्षांची आहे. या वयात ते आशीर्वादासारखं लागत नाही. वाईट वाटलं. मग वाईट वाटल्याचं वाईट वाटलं.

रविवार, ५ फेब्रुवारी

देवा, काय केलं मी!

पाळकसाहेबांनी सूचना वाचल्या. महिला मंडळाची सभा, आजाऱ्यांसाठी प्रार्थना, बुधवारची उपासना. आणि कागदाची घडी घातली. कौसल्या वाट पाहत होती. मीही. मला वाटलं, पुकार पाठीमागच्या बाजूला असेल. पाठीमागची बाजू कोरी होती.

लग्न परवा मंगळवारी होतं. बुधवारी ईस्टरआधीचा उपवासकाळ सुरू होतो, त्यात आमच्याकडे लग्न लागत नाही. कौसल्या रडकुंडीला येऊन म्हणाली, संध्याकाळच्या उपासनेत वाचा. पाळकसाहेब म्हणाले, "सकाळच्या मुख्य उपासनेत, तीन रविवार. मी माझ्या मुलीसाठीही नियम वाकवला नाही." बिशपसाहेबांच्या परवान्यानं जमलं असतं, पण ते दौऱ्यावर. गुरुवारी येणार.

लग्न आता ईस्टरनंतर. सात आठवडे.

सोमवार, ६ फेब्रुवारी

तार पोचली नाही. कौसल्याचे भाऊ महादेवराव उमरेडहून चौदा माणसं घेऊन उतरले. "नावच नाई वाचलं म्हंता? मंग आम्ही काय नागपूर पाहाले आलो?" म्हातारी आत्या अंगणातच बसून राहिली, नवं लुगडं नेसलेली. विश्वनाथ रेल्वेत आहे. रजा परत मागावी लागणार, मिळेल न मिळेल.

मला कोणी एक शब्द बोललं नाही. उलट कौसल्याच मला समजावत होती — "चूक झाली वं. इतके कागद लिहितेस, एकात राहिलं. जेव."

जेवले नाही.

बुधवार, ८ फेब्रुवारी

शाळेत घालण्याआधी बापूजींनी, माझ्या वडिलांनी, मला कुहीला घरीच शिकवलं. ते तिथे उपदेशक होते. सकाळी पाटी, आणि दिवे लागले की ओट्यावर तीन प्रश्न — आज काय केलं? काहून केलं? केल्यानं कोणाले दुखलं? मी पाच वर्षांची होते. मांजराला हाकललं तरी तिन्हींची उत्तरं द्यावी लागत. ती सवय गेली नाही.

काय केलं — पुकार लिहिली नाही. कोणाला दुखलं — हे महादेवरावांच्या आत्यानं दाखवलं. मधलं उत्तर सापडत नाही.

शनिवारी सूचना लिहीत होते. पुकारीशी आले आणि पेन थांबलं. शाई संपली म्हणून नव्हे, ते मला नक्की आठवतं. मी कौसल्याच्या खाटेकडे पाहत होते, ती काढल्यावर तिथे काय ठेवायचं ते कळत नव्हतं. मग दूधवाला आला, उठले, दूध तापवलं. परत बसले ती पुढच्या सूचनेवर.

विसरले, की वगळलं?

आज उपासनेला गेले. प्रभुभोजनाला पुढे गेले नाही.

रविवार, १९ फेब्रुवारी

कौसल्याला सांगितलं. ती भाकरी थापत होती. थांबलेलं पेन, खाट, सगळं सांगितलं. म्हटलं, मला वाटतं मी मुद्दाम वगळलं.

तिनं भाकर तव्यावर टाकली, पाणी फिरवलं, उलटली. मग म्हणाली, "वाटतं? का माहीत आहे?"

"माहीत नाही."

"मग मला काहून सांगितलं? चूक होती तोवर मी सुखानं निजत होते. आता याचं मी काय करू?"

मी माफी मागितली. ती म्हणाली, "तुझं मन हलकं करायला माझ्या डोक्यावर आणून ठेवलंस."

हलकंही झालं नाही.

सोमवार, २० फेब्रुवारी

पाळकसाहेबांना सांगितलं, सूचना यापुढे लिहिणार नाही. कारण सांगितलं नाही. ते काम त्यांनी कौसल्याला दिलं.

शनिवार, २५ फेब्रुवारी

एका खोलीत दोन स्टोव्ह पेटतात.

रविवार, ५ मार्च

पाळकसाहेबांच्या पत्नीनं स्थळ सांगितलं. बाबाराव. वाडीला ट्रकच्या गोदामात मुनीम आहेत. बायको जाऊन दोन वर्षं झाली, दोन लहान मुली. उपासनेत पाहिलंय, शेवटच्या बाकावर मुलींच्या वेण्या नीट करत असतात. वेण्या नीट होत नाहीत.

मी हो म्हणणार. तिथल्या तिथे ठरलं मनात. मैत्रिणीचं लग्न अडवलं, तर स्वतःच्या लग्नातून फेडावं. मला ते लग्न नको आहे, म्हणूनच ते बरोबर असावं. प्रार्थना केली. उत्तर आलं नाही. उत्तर न येणं म्हणजे होकार का?

मंगळवार, ७ मार्च

शाळेतून येताना जिजाबाईंकडे गेले. मिशनच्या दवाखान्यातून रिटायर झालेल्या नर्स, सत्तरीच्या, लग्न न केलेल्या. प्रभुभोजनाला सगळ्यांच्या मागून एकट्या जातात.

"काहून वं, इतकी सुकली? कोण मेलं?"

मी स्थळाचं सांगितलं. त्यांनी मला चिंचा निवडायला बसवलं.

"मले तीन स्थळं आली होती. दोघं असेतसेच. एक चांगला होता. तवा हैज्याची साथ चालू होती, मी म्हटलं, थांब. तो थांबला नाई."

"वाईट वाटलं?"

"वाटलं तं! दोन वर्सं वाटलं. त्याची बायको बाळंतपणाले आमच्याच दवाखान्यात आली. जुळे झाले. तिचे हाल पाहून थोडं कमी वाटलं." हसता हसता त्यांना ठसका लागला.

मी विचारलं, एकट्या बाईला देव विसरतो असं कधी वाटलं नाही का?

"रोज सकाळी उठून त्याले सांगतो मी, मी इथं आहो म्हणून. त्याले माहीत असते. मलेच आयकू येऊ दे म्हणून सांगतो." मग चिंचोका फेकत म्हणाल्या, "लग्न कर नाई तं नको करू. पण रडत रडत कोणाच्या घरात शिरू नको. त्या पोरींनी तुह्यं काय केलं?"

मुलींचा विचार मी केलाच नव्हता. एवढी तपासणी करते रोज, आणि दोन मुली दिसल्या नाहीत.

शनिवार, ११ मार्च

पाळकसाहेबांच्या व्हरांड्यात बाबारावांना भेटले. मुली मागे पेरूच्या झाडाखाली खेळत होत्या.

त्यांनी सरळ विचारलं, "बाई, तुम्ही शिकलेल्या. मले दोन पोरी. मंग माह्याशी लगन काहून करून राहिल्या?"

खोटं बोलता आलं नाही. सगळं सांगितलं — पुकार, कौसल्या, फेड.

त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. मग म्हणाले, "म्हंजे मी शिक्षा आहो?"

मी नाही म्हणायला तोंड उघडलं, आणि नाही म्हणता आलं नाही.

"माही पहिली बायको हासत आली होती," ते म्हणाले. "काळी होती, तोंडाची फटकळ होती. पण हासत आली होती. पोरींले मी तेच सांगतो." उठले. "नाई जमत बाई. राग नाई. तुम्ही खरं बोलल्या, नाई तं दहा वर्सांनी मलेच समजलं असतं."

मुलींना घेऊन गेले. धाकटीनं वळून हात हलवला. मी तिथेच बसून खूप रडले, आणि रडताना मला सुटल्यासारखं वाटत होतं. त्याचीही लाज वाटली, पण सुटल्यासारखं वाटलं हे खरं.

रविवार, १२ मार्च

पाळकसाहेबांना आज सगळं सांगितलं. विचारलं, विसरले की वगळलं, हे मला कसं कळेल?

"कळणार नाही," ते म्हणाले. "मलाही नाही कळणार. तिसरी पुकार आहे हे मला ठाऊक होतं. नजर अधू आहे, डोकं नाही. तरी कागदावर नाही म्हणून मी घडी घातली. मी काहून तसं केलं? कौसल्याची माफी मागितली मी. तिनं दिली."

"मला दिली नाही."

"तुम्ही मागितलीत. देणं तिच्याकडे. ती घाई तुम्ही करू नका." मग चष्मा पुसत म्हणाले, "पण भाकर तिच्या हातात नाही, सुमती. तुमच्याही नाही. ती ज्याची आहे तो पाच आठवडे तुमची वाट पाहतो आहे, आणि तुम्ही त्याला सांगताय, थांब, माझी चौकशी संपायची आहे."

घरी येईपर्यंत चालत होते. रिक्षा दिसली नाही असं नाही. चालावंसं वाटलं.

गुरुवार, २३ मार्च

उद्या शुभ शुक्रवार. आज संध्याकाळी प्रभुभोजन होतं.

घरं एकेक करून उठली. विश्वनाथ रजा घेऊन आला आहे. कौसल्या त्याच्या आईबरोबर गेली. माझ्याकडे पाहिलं नाही. मी बसून होते. मधलं उत्तर अजून सापडलेलं नव्हतं, माफी मिळालेली नव्हती, बाकावर शेजारी कोणी नव्हतं. मनात म्हटलं, मी इथं आहे. आणि उठले.

वेदीच्या कठड्यापर्यंत बावीस पावलं असतील. कोणी पाहत असेल असं वाटलं, मग तेही वाटेनासं झालं. गुडघे टेकले. उजवीकडे भिंत, डावीकडे कोणी नाही. पाळकसाहेबांनी ओंजळीत भाकरीचा तुकडा ठेवला. पूर्ण तुकडा होता. एकटीला अर्धा देत नाहीत, हे मला इतकी वर्षं माहीत होतं, आणि आजच कळलं.

परतताना जिजाबाई वाटेत भेटल्या, त्या शेवटच्या. कुजबुजत्या आवाजात म्हणाल्या, "माहा नंबर घेतला व्हय?"

शनिवार, २५ मार्च

उद्याच्या ईस्टरच्या सूचनांचा कोरा कागद कौसल्यानं माझ्यासमोर ठेवला. "माझी पुकार मीच कशी लिहू? तू लिही." पाच आठवड्यांत पहिल्यांदा बोलली. मी म्हटलं, तू समोर बस, लिहून झाल्यावर वाचून बघ. ती म्हणाली, "मला बांगड्या भरायला जायचं आहे," आणि चपला घालून निघून गेली.

लिहिलं. घडी घातली. परत उघडून पाहिलं नाही.